निवृत्तीनंतरची सेवा : कोरपन्याकडील कांहीं कामें

नोकरींतून निवृत्त होणाऱ्या मनुष्यास निरोप देण्याची आपल्याकडील रीत ठरून गेलेली आहे. शाल, श्रीफळ, दोन-चार गौरवाचीं भाषणें आणि शेवटीं एक घड्याळ. ज्या दिवसापासून घड्याळाकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं, नेमक्या त्याच दिवशीं तें हातांत पडावें, ही गंमत सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. "आतां स्वस्थ विश्रांति घ्या" असा उपदेश सगळेच करतात. ती किती दिवस घ्यावयाची, हें मात्र कोणी सांगत नाहीं.

हिशेब केला तर तो काळ थोडाथोडका नाहीं. महाराष्ट्र सरकारच्या नोकरींतील बहुतेकांस ५८व्या वर्षीं आणि केंद्र सरकारच्या नोकरींतील बहुतेकांस ६०व्या वर्षीं निवृत्त व्हावें लागतें. साठी गांठलेला मनुष्य आपल्या देशांत सरासरीनें आणखी १७-१८ वर्षें जगतो. नोकरी तीस-पस्तीस वर्षांची धरली, तर निवृत्तीचा काळ तिच्या निम्म्याइतका भरतो. २०११ च्या शिरगणतींत साठ वर्षांवरील माणसांची संख्या देशांत १० कोटींच्या वर गेली होती. त्यांतील बहुसंख्य लोक शेतकरी आणि मजूर आहेत. त्यांना निवृत्ति हा शब्दच ठाऊक नाहीं, हात चालतात तोंवर त्यांचें काम चालतें. तेव्हां येथें विचार करावयाचा तो मूठभरांचा. ज्यांना पेन्शन आहे, ज्यांची प्रकृति बरी आहे, ज्यांना चांगलें लिहितां-वाचतां येतें आणि दिवसाचे दोन तास मोकळे आहेत, अशांचा. श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं असें एक तरी वडीलधारें माणूस असेल.

या विषयांत महर्षि अण्णासाहेब कर्व्यांचें नांव हटकून निघतें. पण बहुधा भलत्याच कारणासाठीं निघतें. फर्ग्युसन कॉलेजांतून ते १९१४ सालीं निवृत्त झाले आणि १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें, ही गोष्ट मोठी खरीच. परंतु तसला उद्योग लाखांत एखाद्याच्या हातून व्हावयाचा, आणि त्याचें वर्णन ऐकून सामान्य पेन्शनर भक्तिभावानें हात जोडतो व पुन्हा आरामखुर्चीत बसतो. अनुकरणास सोपें असें उदाहरण त्यांच्या चरित्रांत पुढें आहे. १९३६ सालीं, वयाच्या ७८व्या वर्षीं, त्यांनीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलें. ज्या खेड्यांत शाळा नाहीं तेथें ती चालवावी, एवढाच त्याचा हेतु. आणि त्यासाठीं लागणारा पैसा हे वृद्ध गृहस्थ लोकांच्या दारीं जाऊन, लहानसहान रकमा घेऊन, जमवीत असत. विद्यापीठ काढणें सर्वांना साधणार नाहीं. एका खेड्याची एक उणीव शोधणें आणि ती भरून काढण्याचा नेम धरणें पुष्कळांना साधेल.

ही उणीव कशी असते आणि ती निवृत्ताच्या हातून कशी भरून निघते, हें एका तालुक्याचें उदाहरण घेऊन पाहिलें म्हणजे नीट समजतें. चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागांत, पैनगंगेच्या दक्षिणेस, कोरपना तालुका आहे. त्याच्या पुढें माणिकगडाचा डोंगर, जिवतीचा पठारी मुलूख आणि त्यापलीकडे तेलंगणाची हद्द. जमीन कापसाची आहे. तिच्या पोटांत चुनखडी आहे, म्हणून गडचांदूर, आवाळपूर व उपरवाही येथें सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. कारखान्याच्या वसाहतींत शाळा, दवाखाना, बगिचा सर्व कांहीं आहे. आणि तेथून थोड्याच अंतरावर डोंगराच्या कडेनें कोलामांचे आणि गोंडांचे गुडे आहेत, जेथें आलेला कागद वाचून घेण्यासाठीं कोणाचें तरी दार शोधावें लागतें. वस्तींत मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगु आणि बंजाऱ्यांची बोली अशा पांच भाषा कानीं पडतात. कोलाम ही तर महाराष्ट्रांतील विशेष दुर्बल गणल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकीं एक आहे. दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड.

या मुलखाचा इतिहासही ध्यानांत घेण्याजोगा आहे. पूर्वीं हा सर्व भाग राजुरा तालुक्यांत मोडत असे, आणि राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानांतील आदिलाबाद जिल्ह्यांत होता. संस्थान १९४८ सालीं भारतांत विलीन झालें. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां हा भाग मुंबई राज्यांत आला, आणि १९५९ सालीं चांदा जिल्ह्यास जोडला गेला. निजामी अमलांत दरबारचा कारभार उर्दूंत चाले. त्यामुळें एखाद्या घरीं आज्याचा कागद उर्दूंत, बापाचा मराठींत, आणि नातवाचा मोबाईल फोनच्या पडद्यावर इंग्रजींत असा प्रकार घडूं शकतो. तीन पिढ्या, तीन लिप्या; आणि ज्याच्या जमिनीविषयीं हे सर्व कागद आहेत, त्याला त्यांतील एकही वाचतां येऊं नये!

वाचतां येत नाहीं अशांची संख्या किती, याचें उत्तर सरासरीच्या आंकड्यांत नीट मिळत नाहीं. २०११ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांत साक्षरांचें प्रमाण शेंकडा ८० आणि गडचिरोलींत शेंकडा ७४ भरलें. परंतु चंद्रपूर, बल्लारपूर अशा शहरांतील साक्षर मिसळून काढलेला हा आंकडा गुड्यांतील पन्नास वर्षांच्या बाईविषयीं कांहींच सांगत नाहीं. केंद्र सरकारनें २०२२ ते २०२७ या पांच वर्षांसाठीं नवभारत साक्षरता कार्यक्रम आंखला, त्यालाच पुढें 'उल्लास' हें नांव मिळालें. पंधरा वर्षांवरील ५ कोटी निरक्षरांना साक्षर करावयाचें, हें त्याचें उद्दिष्ट. आणि शिकविण्याचें काम पगारी नोकरांकडे न देतां स्वयंसेवकांकडे दिलेलें, हें त्याचें वैशिष्ट्य. शिकणाऱ्याची शेवटीं १५० गुणांची परीक्षा होते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान या प्रत्येकास ५० गुण असतात. निवृत्त शिक्षकास याहून ओळखीचें काम दुसरें कोणतें असणार?

आणि तरीही याच कामांत निवृत्त शिक्षक पुष्कळदां फसतो. मुलांना शिकविण्याची तीस वर्षांची संवय येथें आड येते. मोठ्या माणसास 'अ' पासून आरंभ केलेला आवडत नाहीं. त्याला स्वतःचें नांव, बसवरील पाटी आणि कापूस विकतांना हातीं पडणारी कांट्याची पावती वाचावयाची असते. हिशेबांत तर तो कच्चा मुळींच नसतो. किती मण कापूस झाला, वजनांत किती धरला, किती रुपये यावयास हवे होते, हें तो बोटांवर सांगतो. त्याला अंक तेवढे लिहितां येत नाहींत. अशा माणसापुढें एक ते शंभर घोकण्याचा पाठ ठेवणें म्हणजे त्याचा अपमान करणें होय. पावतीवरील अंकापासून आरंभ केला, तर तीच विद्या थोड्या आठवड्यांत येते.

दुसरी एक साधी गोष्ट आहे. चाळिशीनंतर जवळचें बारीक दिसेनासें होतें, हा निसर्गनियम आहे, आणि गुड्यांतील शेतमजुरास तो चुकलेला नाहीं. "डोक्यांत शिरत नाहीं" असें म्हणून वर्ग सोडणाऱ्या प्रौढांपैकीं कित्येकांच्या डोक्यांत कांहीं दोष नसतो. त्यांना अक्षर दिसतच नसतें. सुईंत दोरा ओंवतां येतो कां, एवढें विचारलें तरी उलगडा होतो. पाटी-पेन्सिलीच्या आधीं चष्म्याची सोय पाहावी.

परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालें, कीं स्वयंसेवकास आपलें काम संपलें असें वाटतें. वास्तविक तें तेथून पुढें सुरू व्हावयास पाहिजे. साताऱ्यांत १९५९ सालीं ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि मग ती महाराष्ट्रभर पसरली. गांवेंच्या गांवें साक्षर झाल्याचे समारंभ झाले. परंतु शिकलेल्यांच्या हातीं पुढें वाचावयास कांहीं राहिलें नाहीं, तेथें अक्षरें पुन्हा पुसलीं गेलीं. न वापरलेली विहीर बुजते, तसा हा प्रकार आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांच्या शाखा खेड्यापाड्यांत आहेत आणि तेथें सायंकाळीं सामुदायिक प्रार्थनेस लोक जमतात. त्या प्रार्थनेनंतर अर्धा तास नवसाक्षरांपैकीं एकानें वर्तमानपत्रांतील बाजारभाव मोठ्यानें वाचावे आणि स्वयंसेवकानें नुसतें शेजारीं बसावें, याला खर्च कांहींच येत नाहीं.

वाचावयास शिकविण्यापेक्षांही नाजूक काम आहे तें दुसऱ्याचा कागद लिहून देण्याचें. त्याचा संबंध थेट भाकरीशीं येतो. वनांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा २००६ सालीं झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधींपासून जो आदिवासी वनजमीन कसून खात आहे, त्याला जास्तींत जास्त ४ हेक्टरपर्यंतचा हक्क मागतां येतो. मागणी प्रथम ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जाते, तेथून उपविभागाच्या व मग जिल्ह्याच्या समितीकडे. पुरावा काय द्यावयाचा, याची यादी नियमांत आहे. आणि त्या यादींत सरकारी कागदांच्या जोडीला एक विलक्षण गोष्ट आहे. दावा करणारा सोडून गांवांतील इतर वृद्धांनीं दिलेली आणि लिहून काढलेली जबानी हाही पुरावा धरला जातो!

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एका वृद्धापाशीं आठवण आहे, पण अक्षर नाहीं. दुसऱ्या वृद्धापाशीं अक्षर आहे, पण त्या रानाची आठवण नाहीं. कायद्याला दोघेही एकत्र बसलेले हवे आहेत. निवृत्त मास्तर, तलाठी, ग्रामसेवक किंवा पोस्टमास्तर यांना याहून आपल्या वयाला आणि विद्येला शोभणारें काम सांपडणें कठीण. तरुण मुलगा हें काम करूं शकणार नाहीं असें नाहीं. परंतु ऐंशी वर्षांचा कोलाम म्हातारा पंचवीस वर्षांच्या पोरापुढें जितकें मोकळेपणानें बोलेल, त्याहून पासष्ट वर्षांच्या माणसापुढें अधिक बोलेल.

ही जबानी घेण्याचीही एक पद्धति आहे. सन विचारूं नये. सन त्याला ठाऊक नसतो. निजामाचें राज्य गेलें तेव्हां हें शेत कोण वाहत होतें, बहात्तरच्या दुष्काळांत येथें काय पेरलें होतें, सिमेंटचा कारखाना आला तेव्हां बांध कोठें होता, असें विचारावें. मोहाचें झाड, विहीर, देवाचें ठाण, मसणवट, शेजारच्या वाहीदाराचें नांव, हीं सर्व लिहून घ्यावीं. शब्द त्याचेच ठेवावे. कचेरीच्या भाषेंत घालून ते सजवूं नयेत, कारण सजविलेली जबानी सर्वांची सारखीच दिसते आणि मग तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. आणि संबंध कागद त्याच्या भाषेंत वाचून दाखविल्याशिवाय अंगठा घेऊं नये. या मुलखांत न वाचतां दिलेल्या अंगठ्यांनीं पुष्कळ अनर्थ केले आहेत. सेवा करावयास आलेल्यानें त्यांत भर घालूं नये.

येथेंच एक कडू भागही आहे. जिवती-कोरपन्याच्या पठारावर मराठवाड्यांतून दुष्काळाच्या व टंचाईच्या दिवसांत आलेलीं बरींच कुटुंबें आहेत. तीं अनुसूचित जमातींत मोडत नसतील, तर कायदा त्यांच्याकडून तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा मागतो. बहात्तरसालीं आलेल्या कुटुंबाला तो देतां येणार नाहीं, हें उघड आहे. अशा मनुष्यास "बघूं, होईल कांहीं तरी" असें गोड बोलून परत पाठविणारा स्वयंसेवक त्याचे बसभाडें, मजुरी आणि आशा या तिन्ही गोष्टी वायां घालवितो. या कायद्याखालीं मार्ग नाहीं, हें स्पष्ट सांगणें आणि दुसरा कांहीं मार्ग आहे कां हें जाणत्या वकिलास विचारून ठेवणें, हेंच त्याचें खरें साहाय्य. निवृत्त अधिकाऱ्यास 'नाहीं' म्हणण्याची संवय असते, पण ती खुर्चीवरून म्हणण्याची. शेजारीं बसून 'नाहीं' म्हणणें निराळें.

वकिलाची गांठ कशी घालून द्यावयाची, याची सोयही आहे. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें स्त्रिया, मुलें, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक इत्यादींस फुकट वकील मिळण्याचा हक्क दिला. परंतु हक्क आहे हें सांगावयास गांवांत कोणी जात नाहीं, म्हणून राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणानें २००९ सालीं विधि स्वयंसेवकांची योजना काढली. तींत कोणास घ्यावें याच्या यादींत निवृत्त शिक्षक, निवृत्त सरकारी नोकर आणि ज्येष्ठ नागरिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वकिलीची परीक्षा लागत नाहीं. थोडें प्रशिक्षण मिळतें, कामाच्या दिवसाचें लहानसें मानधन मिळतें, आणि अर्ज जिल्ह्याच्या विधि सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असतो. स्वयंसेवकानें स्वतः वकील बनावयाचें नाहीं. वकिलाच्या दारापर्यंत माणूस पोंचवावयाचा.

बँकेंतून किंवा सहकारी संस्थेंतून निवृत्त झालेल्यांस याच जंगलमुलखांत निराळें काम आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यांतच गोंडपिपरी तालुक्यांतील पांचगांव या लहानशा गांवास २०१२ सालीं तसाच हक्क मिळाला, आणि ग्रामसभा स्वतः बांबू तोडून विकूं लागली. बांबू विकला कीं पैसा आला. पैसा आला कीं रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तक आणि ठरावांचें बुक आलें. हें लिहिणारा हात बाहेरचा असेल आणि तो कायमचा तेथेंच राहिला, तर गांव त्याच्या मुठींत जातें. म्हणून जाणत्या पेन्शनरानें वर्षभर वही लिहूं नये, तर वर्षभरांत गांवांतील दोन मुलींना वही लिहावयास शिकवावें आणि मग नुसती तपासावी.

शाळेंत जाऊन शिकविण्याची इच्छा पुष्कळांना असते. त्यासाठीं केंद्राच्या शिक्षण खात्याची 'विद्यांजली' नांवाची योजना आहे. २०२१ सालीं ती नव्या स्वरूपांत आली. शाळेनें आपली गरज कळवावी, इच्छुकानें आपलें नांव नोंदवावें, आणि मोबदला न घेतां गणित, वाचन, चित्रकला, शिवण, जें येत असेल तें शिकवावें, अशी तिची मांडणी आहे. मात्र येथें एक भेद डोळ्यांआड होऊं देतां कामा नये. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिकाम्या जागीं निवृत्त शिक्षकांस २० हजार रुपये मासिक मानधनावर, सत्तरीपर्यंत, नेमावयाचें ठरविलें, तेव्हां शिक्षकाची पात्रता मिळवून वर्षानुवर्षें नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणांनीं त्याविरुद्ध मोठी ओरड केली. ती ओरड रास्त होती. पेन्शन घेणाऱ्यानें तरुणाच्या पोटावरील जागा अडविणें ही सेवा नव्हे, मग तिचें नांव कांहींही असो. आणि फुकट काम करणारा म्हातारा आहे म्हणून जागा भरावयाची लांबणीवर पडत असेल, तर त्या म्हाताऱ्यानेंच बाजूला होऊन जागा भरण्याविषयीं अर्ज लिहावा. वर्गशिक्षकाची जागा त्याची नाहीं. मागें पडलेल्या चार मुलांना व्हरांड्यांत घेऊन बसणें ही त्याची जागा.

आरोग्याचें क्षेत्र निवृत्त परिचारिका व दवाखान्यांतील नोकर यांचें. या पट्ट्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली. रोग्यास गोळ्या नियमानें घ्यावयास लावणें, तपासणीच्या दिवशीं दवाखान्यांत नेणें, लग्न जुळवितांना दोन्ही घरांस पत्रिकेबरोबर रक्ताची तपासणीही पाहावयास सांगणें, हीं वडीलधाऱ्या बाईच्या तोंडून पटणारीं कामें आहेत. "मला डॉक्टरी कुठें येते?" ही शंका येथें आडवी येऊं नये. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांत खेड्यांतीलच स्त्रियांस नवजात बालकांची घरच्या घरीं काळजी घेण्याचें शिक्षण दिलें, आणि त्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ६२ इतके कमी झाले. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पदवीनें झालें नाहीं तें शिक्षणानें आणि नेमानें झालें. पदवीधर पेन्शनरास मात्र पुन्हा विद्यार्थी होऊन बसावयाचा संकोच वाटतो. तो त्यानें घरीं ठेवून यावा.

संकोच ठेवून आलेल्या एका बाईची हकीकत मुंबईची आहे. १९६६ सालीं अमेरिकेच्या 'पीस कोअर' या स्वयंसेवक संघटनेंतून लिलियन कार्टर नांवाची परिचारिका विक्रोळीस आली. तिचें वय ६८ होतें. तेथील गोदरेज वसाहतींत तिनें दवाखान्यांत काम केलें, रोग्यांची शुश्रूषा केली, आणि १९६८ सालीं ती परत गेली. तिचा मुलगा जिमी पुढें १९७७ सालीं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, म्हणून तिचें नांव आज माहीत आहे. विक्रोळींत मात्र ती कोणाची आई म्हणून आली नव्हती. डॉक्टर सांगेल तें काम करावयास आली होती.

अशा कामानें करणाऱ्याचेंही बरें होतें, याचा पडताळा तिच्याच देशांत घेतला गेला आहे. बाल्टिमोर शहरांत साठीच्या पुढील माणसांना शिकवून तयार केलें आणि आठवड्यास १५ तास प्राथमिक शाळांत पाठविलें. तुलनेसाठीं तशाच दुसऱ्या माणसांना त्यांच्या नित्यक्रमावर सोडलें. शाळेंत जाणाऱ्यांचें चालणें-फिरणें वाढलें, अडचणींत ज्यांच्याकडे जातां येईल अशा माणसांची संख्या वाढली, आणि टेलिव्हिजनपुढें बसण्याचे तास कमी झाले. आठवड्यास पंधरा तास हें प्रमाण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. वर्षांतून एकदां फळें वांटून फोटो काढण्यानें असा गुण येत नाहीं.

घरच्या मंडळींसाठींही एक गोष्ट सांगितली पाहिजे. वडील सेवेस निघाले, कीं त्यांचा डबा, औषधें, धुतलेला सदरा यांची तजवीज बहुतकरून आईच्या अंगावर पडते. आणि तिला तर निवृत्ति कधींच मिळालेली नसते. एकाच्या सेवेचें ओझें दुसऱ्याच्या पाठीवर लादून समाजसेवक म्हणून मिरवूं नये. उलट घरांतील कामाची वांटणी थोडी बदलली, तर तीच बाई गुड्यांतील स्त्रियांच्या वर्गास अधिक उपयोगी पडेल. कारण तिच्याजवळ त्या जें बोलतील, तें मास्तरांजवळ बोलणार नाहींत.

आडचण राहते ती जाण्यायेण्याची. कारखान्यांतून, कोळशाच्या खाणींतून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त होणारे पुष्कळजण चंद्रपुरास नाहीं तर नागपुरास घर बांधून जातात. ज्या मुलखानें तीस वर्षें पोसलें, त्याच्याकडे मग लग्नकार्यापुरतेंच येणें होतें. एस. टी.नें ६५ वर्षांवरील प्रवाशांस अर्धें भाडें ठेवलें आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांस भाडें माफ केलें आहे. तेव्हां खर्चाची सबब फारशी टिकत नाहीं. टिकते ती वेळेची. शेतकऱ्याला सवड दिवेलागणीनंतर असते आणि त्या वेळीं परतीची गाडी नसते. शिवाय जंगलाच्या कडेच्या वाटेनें अंधारांत जाणें शहाणपणाचें नाहीं.

म्हणून साक्षरतेचा वर्ग गांवांत किंवा जवळच्या वसाहतींत राहणाऱ्यानेंच घ्यावा. त्याचें पंचांगही शेताप्रमाणें ठरतें. जून-जुलैंत पेरणी, पुढें निंदण, दिवाळीपासून कापसाची वेंचणी. या दिवसांत वर्ग रिकामा दिसला म्हणून शिकणाऱ्यांस आळशी म्हणूं नये. शेवटचा वेंचा होऊन तूर घरीं आली, म्हणजे वर्ग भरूं लागतो. मार्च-एप्रिलांत बायका पहांटेसच मोहफुलें वेंचावयास जातात, त्यामुळें सकाळचा वर्ग जमत नाहीं. आणि मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें गेला, कीं दुपारचाही जमत नाहीं.

शहरांतून येणाऱ्यानें मुक्काम करतां येत नसेल तर आठवडी बाजाराचा दिवस धरावा. त्या दिवशीं सगळे गुडे आपण होऊन खालीं उतरतात. सकाळच्या गाडीनें यावें, ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन तिच्या ओट्यावर एक सतरंजी टाकावी, आणि दुपारच्या गाडीपर्यंत लोकांचे कागद वाचून द्यावे, अर्ज लिहून द्यावे. बरोबर कोरे कागद, शाईची पेटी, भाषा समजावून सांगणारा गांवांतील एक मुलगा आणि जवळचें दिसण्याचे दोन जास्तीचे चष्मे असावे. पहिले दोन-तीन बाजार कोणी फिरकणार नाहीं. चौथ्या बाजारास एखादी म्हातारी ओच्यांत घट्ट गुंडाळून ठेवलेला कागद काढील. तो वाचून झाल्यावर तिच्याच हातीं परत द्यावा, स्वतःजवळ ठेवून घेऊं नये.